मळ्ळी

मी अशोक चौकात, कारखान्यात, पुठ्ठ्याला भोकं पाडतो.
भोक असलं की धागा उठतो, नसलं की खालीच राहतो.
चादरीवरचा मोर असाच होतो,
त्याच्या पिसाऱ्याला नऊशे पुठ्ठे लागतात.
अठ्ठावीस वर्षं मी हेच वाचतोय.
दुसरं काही मला धड वाचता येत नाही.

पोरीलाही येत नव्हतं. भार्गवी. आठवीत.
'घर' लिही म्हटलं की 'धर' लिहायची.
पाहुण्यांसारखी अक्षरं
ती मान वळवीपर्यंत जागा बदलून बसायची.
वर्गात सर म्हणायचे, पुन्हा वाच.
पुन्हा वाच म्हणजे
बाकीच्या बेचाळीस जणांनी पुन्हा हसा.

सिव्हिलला तीन मंगळवार गेले, तेव्हा कागद मिळाला.
त्यावरचं नाव माझ्या जिभेवर बसेना.
बायको विडीचं पान कातरत होती,
हात न थांबवता म्हणाली,
वाचता येत नाही त्याला
इतकं अवघड नाव कुणी ठेवलं?

कुंभार मॅडम तीन शाळा फिरतात, स्कुटीवर.
त्यांनी पिशवीतून टॅब काढला,
कोपरा फुटलेला, वर चिकटपट्टी.
बुधवार ते शनिवार तुमच्याकडं, म्हणाल्या,
मग तो कुंभारीच्या एका पोराचा.

त्यात धडा दिसतो. अक्षरं मोठी, ओळींत हवा खेळती.
आतली बाई वाचते,
जो शब्द वाचते तो पिवळा होतो,
आणि पोरीचं बोट त्या पिवळ्याच्या मागं मागं,
पहिल्यांदा घाईत नसलेलं.

बाई पुण्याची असावी.
आमचं आडनाव येलदी.
मॅडमनी ते धड्याच्या वर टाकलेलं.
बाई म्हणाली, येल. दी.
एक पायरी उतरून दुसरी सापडू नये तसं.
भार्गवी इतकी हसली की शेजारचा मग्गा थांबला.
मग बोटानं ओळ मागं ओढली, म्हणाली,
"मळ्ळी."

आमच्या तेलुगूत मळ्ळी म्हणजे पुन्हा.
बाईला तेलुगू येत नाही.
ती पुन्हा वाचली. पुन्हा चुकली.
लाजली नाही. पोटात दुखतंय म्हणून घरी राहिली नाही.
सात वेळा पोरगी तिला मळ्ळी म्हणाली,
आठव्यांदा तिलाच दया आली,
स्वतः वाचून दाखवलं. येलदी. असं म्हण.

एप्रिलात पत्रा रात्रीही तापलेला असतो.
दोघी झोपल्या तसा मी उठलो.
कारखान्याची नोटीस खिशात चार दिवस होती,
तिच्यावर सही करून बसलो होतो.
टॅबसमोर धरली.
बाईनं सगळं सांगितलं, पाळी बदलल्याचं,
हजेरी कापल्याचं, जसंच्या तसं, न ओरडता.
मला चौथीतला बाक आठवला,
फळ्यावर पळणारी अक्षरं,
आणि मामानं दिलेली दोरी, मागात ओवायची.
मी हळूच म्हणालो, मळ्ळी.

"नान्ना," अंधारातून पोरगी म्हणाली,
"आवाज कमी करायचं बटण बाजूला आहे."

परीक्षेत टॅब चालेल का, माहीत नाही.
मॅडमनी अर्ज केलाय, उत्तर नाही.
'घ' आणि 'ध' अजून भांडतात,
गणिताचं पुस्तक तर बाईलाही नीट जमत नाही,
अपूर्णांक आला की गप्पच होते.

परवा उरलेल्या पुठ्ठ्यांवर मी तिचं नाव मारलं,
मालक जेवायला गेल्यावर एक नॅपकिन विणला.
लाल जमिनीवर पांढरं, भार्गवी.
तिनं घेतला, उलटा केला.
मागच्या बाजूला पांढऱ्यावर लाल,
आरशातल्यासारखी तीच अक्षरं, शेवटचं आधी.
तिनं बोट ठेवलं. त्या बाजूनंही वाचलं.
थोडं जास्तच पटकन.

आता शाळेचा डबा त्यातच बांधून नेते.
कुठली बाजू वर, ते रोज बदलतं.